तयार कुत्रा, कच्चा धनी

“तयार कुत्रा घ्यावा, पिल्लाचा व्याप कोण करतो?” असे म्हणणाऱ्या हौशी मंडळींशी माझे मुळीच पटत नाही. पैसे मोजले की शिकवलेला मुधोळ दारात उभा राहतो, हे खरे. पण त्या पैशांत नेमके काय पदरात पडते?

मुधोळचा शिकारी कुत्रा काय किंवा त्याचाच भाऊबंद असलेला आपल्याकडचा कारवानी काय, वासावर नव्हे, नजरेवर धावणारा. काही पळताना दिसले की सुटलाच! हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. ते रक्तातच असते. शिकवायचे असते ते नेमके उलटे. शेजाऱ्याची शेळी बुजून पळाली तरी जागचे हलायचे नाही, आणि भर धावेत हाक आली की मागे फिरायचे. ही हाक कुणाची? ज्याने दोन महिन्यांच्या पिल्लाला दूध-भाकरी चारली, त्याची! विकणारा साखळी तुमच्या हाती देईल. स्वतःचा आवाज कसा देणार?

1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, मग शिकवायचे कशाला, असे कुणी विचारील. अहो, म्हणून तर ससा पाहूनही थांबणारा कुत्रा हवा. तो सशामागे सुटला तर जाब धन्यालाच द्यावा लागेल.

अंधाला वाट दाखवणारा कुत्रा जाणत्यांनीच तयार करावा, हे मला मान्य. पण तिथेही धन्याला कुत्र्याबरोबर शिकावे लागतेच. आमच्या हौशी गृहस्थांना नेमके तेवढेच नको असते. त्यांनी खुशाल चिनी मातीचा कुत्रा आणून दिवाणखान्यात ठेवावा.