जन्मतारखेला वाजतात किती?

प्रश्न वेडगळ आहे. पण कित्येक सॉफ्टवेअर तो गृहीत धरतात आणि उत्तरही स्वतःच देतात: रात्रीचे बारा.

मग गंमत सुरू होते. 15 ऑगस्ट 1990, रात्रीचे बारा, भारतीय वेळ. यूटीसीत नेलं की साडेपाच तास मागे, म्हणजे 14 ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा. पुढच्या प्रोग्रामने वेळ छाटून तारीख घेतली, की माणूस एक दिवस आधी जन्मला! जावास्क्रिप्टमध्ये हे दोन ओळींत होतं. मी मोहोपाड्यात राहतो. इथली घरं पाताळगंगा एमआयडीसीच्या शिफ्टवर चालतात. इथल्या माणसासाठी हा एक दिवस म्हणजे आधारवर एक तारीख, पीएफमध्ये दुसरी, आणि क्लेम अडकलेला.

यावर आमच्या धंद्यातला मंत्र ठरलेला: सगळं यूटीसीत ठेवा. मला तो निव्वळ आळस वाटतो. सर्व्हरवर काय कधी घडलं, त्यासाठी यूटीसी उत्तमच. पण जन्मतारीख हा क्षण नाही. नाइट शिफ्टची हजेरी कुठल्या तारखेची, हे तर घड्याळ ठरवतच नाही, कंपनीचा नियम ठरवतो.

हॅस्केलमध्ये डे वेगळा, लोकलटाइम वेगळा, यूटीसीटाइम वेगळा. आतून डे म्हणजे 17 नोव्हेंबर 1858 पासून मोजलेले दिवस, नुसता आकडाच. पण यूटीसीटाइम मागणाऱ्या फंक्शनला तो दिलात की कंपायलर तिथेच अडवतो. चूक करायचीच असेल तर करता येते. फक्त ती हाताने लिहावी लागते, नकळत होत नाही. शिवाय शुद्ध फंक्शन ‘आत्ता किती वाजले’ हे परस्पर विचारू शकत नाही, वेळ बाहेरून द्यावी लागते. म्हणून 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीची टेस्ट मे महिन्यातल्या दुपारी चालवता येते.

‘भारतात एकच टाइमझोन, एवढा घोळ कशाला?’ असं सीनियर मंडळी विचारतात. 1906 साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिका त्यानंतरही कित्येक दशकं बॉम्बे टाइम धरून होती, जवळपास 39 मिनिटं मागे. कॉम्प्युटर वापरतात त्या टाइमझोन डेटाबेसमध्ये भारताचा झोन एकच, एशिया/कोलकाता. बॉम्बे टाइमने लिहिलेले 1940 मधले ‘सकाळचे दहा’ त्यातून काढा. उत्तर चुकीचं येईल आणि अगदी बिनचूक दिसेल.

हॅस्केल नको? नका वापरू. जावानेही 2014 साली, आठव्या आवृत्तीत, लोकलडेट दिलंय. तरी नव्याकोऱ्या प्रोजेक्टमध्ये जन्मतारखेच्या कॉलमला अजून टाइमस्टॅम्पच लावलेला दिसतो.