विश्लेषण : खासगीत दोनपैकी जवळपास एक, सरकारीत सातपैकी एक... सिझेरियनचे गणित काय?

आंदर मावळातल्या एखाद्या वाडीत रात्री कळा सुरू झाल्या, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न गाडीचा असतो. तळेगाव-लोणावळ्यातले कुटुंब विचारते, ‘डॉक्टर, नॉर्मल होईल ना?’ तालुका एकच, काळजी वेगवेगळी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशात १७.२ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात तेव्हा ते २५.४ टक्के होते. देशभरात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. हे प्रमाण १० टक्क्यांपुढे गेल्यावर माता-बालमृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच म्हटले आहे.

खासगीत अवघड केसेस जास्त जातात, हे उत्तर पुरेसे नाही. गुंतागुंत वाढली की अनेकींना शेवटी वायसीएम किंवा ससूनलाच पाठवले जाते.

मग कारण काय? मोठे कारण वेळ. पहिलटकरणीच्या कळा बारा तास, कधी त्याहून अधिक चालतात. एकच डॉक्टर असलेल्या छोट्या रुग्णालयाला तेवढे थांबणे जड जाते. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवायचा, तर दिवसाची शस्त्रक्रिया सोयीची. बिलही मोठे होते. पण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. काही विपरीत घडले तर तोडफोडीची भीती असते. मुहूर्त काढून आणणारे नातेवाईक असतात. कळांच्या धास्तीने ‘सिझरच करा’ म्हणणारी मुलगीही असते, आणि तिला धीर देणारे प्रसूतिकक्षात कुणी नसते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त, वाहन सारे मोफत आहे. पण रात्री भूलतज्ज्ञ किंवा रक्त नसेल, तर शस्त्रक्रियागृह असून उपयोग काय? रुग्णवाहिका पुण्याकडे निघते, आणि शनिवार-रविवार असेल तर पर्यटकांच्या कोंडीतून वाट काढते. जिला सिझेरियन खरोखर हवे, तिलाच ते उशिरा मिळते.

त्यामुळे नुसती टक्केवारी ठरवून देणे धोक्याचे. त्यापेक्षा रॉब्सन वर्गीकरणाने प्रत्येक रुग्णालयाचा हिशेब मांडता येतो. यात पहिलटकरीण, आधीचे सिझर, पायाळू बाळ, जुळी अशा दहा गटांत प्रसूती विभागल्या जातात. त्यात आधी पाहायचा तो पहिलटकरणींचा आकडा. पहिले सिझर झाले, की दुसऱ्या खेपेलाही बहुतेकींच्या वाट्याला तेच येते.