अरबी समुद्र, दोन इंजिने आणि एकच मार्गिका

ज्या प्रवासी विमानात दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने आणि मधोमध चालण्यासाठी एकच मार्गिका असते, त्याला विमान व्यवसायात नॅरोबॉडी म्हणतात. एअरबसची ए320 व ए321 आणि बोइंगची 737 ही विमाने याच वर्गातील असून, मुंबईहून दिल्लीला किंवा दुबईला जाणाऱ्या ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील प्रवाशांना ती परिचयाची आहेत. अलीकडे मात्र हीच विमाने दोन-तीन तासांच्या उड्डाणांपुरती राहिलेली नाहीत. इंडिगोने ऑगस्ट 2023 मध्ये मुंबई-नैरोबी आणि मार्च 2025 मध्ये मुंबई-सेशेल्स या सेवा ए320 कुळातील विमानांनी सुरू केल्या, आणि त्यांपैकी सेशेल्सची सुमारे 3,250 किलोमीटरची वाट किनारा सोडल्यापासून उतरेपर्यंत जवळजवळ सगळी समुद्रावरची आहे. एवढ्या लहान विमानाने एवढा समुद्र ओलांडणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा विचारला जातो. तो प्रश्न रास्त असला तरी प्रवाशाच्या खऱ्या अडचणी निराळ्या आहेत, असे या विषयाचा थोडा खोलात अभ्यास केल्यावर दिसते.

विमानाच्या रुंदीचा आणि समुद्र ओलांडण्याच्या क्षमतेचा थेट संबंध कधीच नव्हता. एअर इंडियाने मे 1960 मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती बोइंग 707 या विमानाने, आणि त्यातही मार्गिका एकच होती. दोन मार्गिकांचे बोइंग 747 एअर इंडियाच्या ताफ्यात 1971 साली आले, म्हणजे साठच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या मराठी डॉक्टर-अभियंत्यांच्या पिढीने अटलांटिक महासागर ओलांडला तो बहुधा अशाच अरुंद विमानातून. फरक होता तो इंजिनांच्या संख्येचा, कारण 707 ला चार इंजिने होती आणि आजच्या नॅरोबॉडी विमानांना दोनच असतात.

दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एका इंजिनावर जवळच्या विमानतळापर्यंत किती वेळात पोहोचता येईल, याच्या हिशेबावर सगळी नियमावली उभी आहे. अमेरिकेने 1953 साली घातलेल्या नियमानुसार अशा विमानाला कोणत्याही क्षणी विमानतळापासून साठ मिनिटांच्या आतच राहावे लागे. पिस्टन इंजिनांच्या काळात ते योग्यही होते, परंतु जेट इंजिने अधिक भरवशाची ठरल्यावर 1985 मध्ये ही मर्यादा 120 मिनिटांपर्यंत आणि 1988 मध्ये 180 मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली. या वाढीव परवानगीला ईटॉप्स म्हणतात. सेशेल्सच्या मार्गावर तिचा अर्थ सहज उलगडतो. मुंबई आणि सेशेल्सचे माहे यांच्या साधारण मध्यावर विमान असताना ही दोन्ही ठिकाणे सोळाशे किलोमीटरहून थोडी अधिक दूर असतात, तर मालदीवची राजधानी माले सुमारे 1,100 किलोमीटरवर, म्हणजे एका इंजिनाच्या वेगाने साधारण दीड तासाच्या अंतरावर असते. साठ मिनिटांच्या जुन्या नियमात ही सरळ वाट बसली नसती, 180 मिनिटांच्या परवानगीत ती पुष्कळ शिल्लक ठेवून बसते.

ही परवानगी विमानाचा नमुना प्रमाणित झाला म्हणून आपोआप मिळत नाही आणि एकदा मिळाली म्हणून कायमही राहत नाही. 180 मिनिटांच्या परवानगीसाठी उड्डाणात इंजिन बंद पडण्याचे प्रमाण हजार तासांमागे 0.02 पेक्षा, म्हणजे पन्नास हजार तासांत एकापेक्षा, अधिक असू नये अशी अपेक्षा असते. दोन्ही इंजिनांवर एकाच वेळी एकाच तंत्रज्ञाने तेच काम करू नये, असाही दंडक आहे. त्यामागील धोका किती खरा आहे हे 5 मे 1983 रोजी दिसले. त्या दिवशी मायामीहून समुद्रापलीकडच्या नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या तीन इंजिनांच्या विमानात देखभालीच्या वेळी तिन्ही इंजिनांत तेल अडवणाऱ्या रबरी कड्या बसवायच्या राहून गेल्या, तिन्ही इंजिने बंद पडली आणि त्यांपैकी एक पुन्हा सुरू झाल्यामुळेच विमान परत उतरू शकले. केवळ इंजिनांची संख्या वाढवून सुरक्षितता मिळत नाही, त्यासाठी देखभालीची शिस्त लागते, एवढे या घटनेवरून दिसते. त्यामुळेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये इंडिगोला 97 विमानांची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने बदलण्याचा आदेश दिला, तो नियामक संस्थेने आपले काम केल्याचा पुरावा मानला पाहिजे.

खरी अडचण इंधनाची आहे. विमान बनवणारी कंपनी जाहीर करते तो पल्ला आदर्श परिस्थितीतील असतो. प्रत्यक्षात विमान पश्चिमेकडे जात असेल, समोरून जोराचा वारा असेल आणि सर्व आसने भरलेली असतील, तर तो पल्ला आखडतो, आणि मग उड्डाणापूर्वीच वजन कमी करावे लागते. प्रवाशांना उतरवणे शक्यतो टाळले जात असल्यामुळे बहुधा सामान मागे राहते. सप्टेंबर 2019 मध्ये इंडिगोचे दिल्ली-इस्तंबूल विमान प्रवाशांचे सामान न घेताच पोहोचले होते, आणि त्यामागे हेच कारण होते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदला जाणारी इंडिगोची उड्डाणे रद्द झाली, कारण वळसा घालून तेथवर जाण्याइतका पल्ला त्या विमानांपाशी नव्हता. मोठ्या विमानाला असा वळसा महाग पडतो, पण लहान विमानाला तो अशक्य ठरतो, आणि तिकीट काढताना ही गोष्ट प्रवाशाला कोणी सांगत नाही.

एअरबसने यावर काढलेला उपाय म्हणजे ए321 एक्सएलआर. या विमानाच्या पोटात मागच्या बाजूला 12,900 लिटरची कायमची इंधनटाकी असून कंपनीच्या म्हणण्यानुसार त्याचा पल्ला 8,700 किलोमीटर आहे. स्पेनच्या आयबेरियाने नोव्हेंबर 2024 मध्ये माद्रिद-बोस्टन मार्गावर ते वापरायला सुरुवात केली आणि इंडिगोने जानेवारी 2026 पासून मुंबई-अथेन्स सेवा याच विमानाने जाहीर केली. ज्या शहरांकडे तीनशे आसनांचे विमान रोज भरत नाही, त्या शहरांना थेट सेवा मिळण्याची ही संधी आहे, आणि मुलांकडे जाणाऱ्या सत्तरीच्या आईवडिलांना रात्री-अपरात्री परक्या विमानतळावर विमान बदलावे न लागणे ही त्यांच्यासाठी अरुंद आसनापेक्षा कितीतरी मोठी सोय आहे, असे ठामपणे म्हणता येते. मुंबईहून न्यूयॉर्क मात्र या विमानाच्याही आवाक्यात नाही, त्यामुळे अमेरिकेच्या प्रवाशांनी यावर भिस्त ठेवू नये.

तरीही शरीराचा विचार टाळता येत नाही. इंडिगोच्या काही ए321 विमानांत 232 आसने आहेत, आणि जेवणाची गाडी एकाच मार्गिकेत उभी राहिली की मागे अडकलेल्या वृद्ध प्रवाशाला प्रसाधनगृहापर्यंत जाणेही अवघड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधील अभ्यासानुसार चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. एकूण धोका लहानच राहतो हे खरे असले, तरी मधुमेही, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या आणि वयस्कर प्रवाशांनी मार्गिकेलगतचे आसन आग्रहाने मागावे, पाणी पीत राहावे आणि तासाभराने उठून चार पावले टाकावीत.

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीतून सांताक्रूझ-अंधेरीच्या बाजूला जाणाऱ्या डोंबिवलीकरांना आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील प्रवाशांना हा विमानतळ जवळचा आहे. तेथून परदेशी मार्ग वाढतील तेव्हा सुरुवातीला प्रवासी मर्यादित असलेल्या शहरांसाठी लहान विमानेच अधिक सोयीची ठरतील. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आताच नियम करावा की पाच तासांहून मोठ्या उड्डाणाचे तिकीट विकताना विमानाचा प्रकार, आसनांमधील अंतर आणि वाऱ्यामुळे सामान मागे राहण्याची शक्यता हे तिन्ही तपशील पैसे भरण्यापूर्वी मराठीसह प्रवाशाच्या भाषेत दाखवले जावेत. सामानाला उशीर झाल्यास मॉन्ट्रियल करारानुसार भरपाई मागण्याचा हक्क भारतीय प्रवाशाला आजही आहे. पट्ट्यावर सामान आले नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून तिची पावती घ्यावी.