दोष पन्हळीचा, आळ कौलांवर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कोंकणांतील घरीं बाळंतिणीच्या खोलीची भिंत ओल धरूं लागली. सर्वांनीं कौलांस दोष दिला, शाकारणी पुन्हा झाली. ओल हटली नाहीं. अखेर भर पावसांत छत्री घेऊन आम्ही अंगणांत उभे राहिलों, तेव्हां उलगडा झाला. पन्हळ मध्येंच खचली होती व पाणी नळापर्यंत न पोहोंचतां तेथूनच भिंतीवर ओसंडत होतें.

१ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला कीं २,५०० लिटर झालें! तें वाहून जाण्यास १० फुटांमागें अर्धा इंच उतार पुरे. मात्र तो सलग हवा. याकरितां उन्हाळ्यांतच पन्हळीच्या वरच्या टोकास तांब्याभर पाणी ओतून पाहावें आणि तें थबकेल तेथील आधार उचलून घ्यावा. (शिडीवर तरुणांनीं चढावें, आमच्या वयाच्या वाचकांनीं खालून सूचना देण्यांत संतोष मानावा.) नळाच्या तोंडाचा पालापाचोळा वरचेवर काढावा, आणि नळाचें पाणी जोत्याशीं न सोडतां दूर न्यावें.

आधार उचलतांच आमची गळती थांबली. भिंत वाळावयास मात्र दिवाळी उजाडली. तोंवर बाळ-बाळंतीण माजघरांत होतीं.