आधी काट्याचा ताळा, मग बॅटरीला बोल



नांदगावच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन जाणारा शेतकरी भुईकाट्याच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का आहे का, हे तो पाहतो. शंका आली तर दुसऱ्या काट्यावर गाडी घालतो. पण तोच शेतकरी घरी आला, की भिंतीवरच्या चिमुकल्या पडद्यावर उमटलेला आकडा वेदवाक्य मानतो. आमच्या घरी यंदा नेमके हेच झाले. त्याची हकिगत सांगतो, म्हणजे तुमचे तरी नुकसान टळेल.

आमची वस्ती मळ्यात. छपरावर सोलरची प्लेट, खाली १२ व्होल्टची ॲसिडची बॅटरी. तिच्यावर दोन दिवे, एक पंखा आणि मक्याभोवतीच्या तारेचे झटका मशीन चालते. पुतण्या कॉलेजात शिकतो. त्याने आर्डुइनो ऊनो नावाचा छोटा बोर्ड आणला, प्रोग्रॅम लिहिला आणि बॅटरीचे व्होल्ट दाखवणारे यंत्र घरच्या घरी बनवले. आम्हा सगळ्यांना त्याचे कोण कौतुक!

भाद्रपदात मका कणसावर आला. आभाळ भरलेले, प्लेटला ऊन नाही. तरी रोज संध्याकाळी पडदा १२.६ दाखवी. बॅटरी भरली आहे म्हणून आम्ही पंखा निवांत चालू ठेवला. लागोपाठ दोन रात्री पहाटेच्या आत झटका बंद पडला आणि रानडुकरांनी मक्याच्या बऱ्याच सऱ्या आडव्या केल्या.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, बॅटरीच खोटी दिली आपल्याला. चला, दुकानदाराला जाब विचारू.” बॅटरी गाडीत घालून आम्ही गेलो आणि नको ते बोलून बसलो. दुकानदाराने शांतपणे आपले मीटर लावले. आकडा आला ११.९. तो म्हणाला, “ताई, बॅटरी खोटी नाही, उपाशी आहे.”

आम्ही मान खाली घालून परतलो. अशा बॅटरीला विसावा दिल्यावर ती १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर भरलेली समजावी. १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ म्हणजे तळाला गेलेली. वारंवार तळाला गेली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि बॅटरी अकाली मरते. आकड्यात फरक पाऊण व्होल्टाचा, पण त्यात बॅटरीचे आयुष्य आणि हातचे पीक, दोन्ही आले.

मग चूक कुठे होती? बोर्ड बॅटरीचे व्होल्ट थेट मोजत नाही. दोन रेझिस्टर लावून ते आधी लहान करावे लागतात. मग बोर्ड ते आपल्या स्वतःच्या ५ व्होल्टांशी ताडून पाहतो आणि त्या ५ व्होल्टांचे १०२४ भाग धरून उत्तर काढतो. आमचा बोर्ड त्याच बॅटरीवर, गाडीतल्या मोबाइल चार्जरमधून लांब बारीक वायरने चालत होता. मोजून पाहिले तर त्याला ५ ऐवजी ४.७ व्होल्टच मिळत होते. शेराचे माप आतून चेपले, तर तेच धान्य जास्त शेर भरते. तसेच ११.९ चे १२.६६ झाले. ज्याचे वजन करायचे त्याच्याच खांद्यावर काटा उभा, मग दुसरे काय होणार?

आता उपाय ऐका. घरात असा शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे त्यांना वाचून दाखवा.

पहिले म्हणजे भरवशाचे मल्टिमीटर मिळवावे. त्याचा स्वतःचा सेल आधी बदलावा, कारण सेल उतरला की स्वस्तातली मीटरे आकडा वाढवून दाखवतात. मोटार वायंडिंगवाल्याच्या मीटरशी एकदा ताडून पाहावे. देशाच्या व्होल्टचे प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळले जाते. आपल्याला तिथवर जायला नको, दोन चांगली मीटरे जुळली तरी घरचे काम भागते.

दुसरे, ऊनोच्या ॲटमेगा ३२८ चिपमध्ये १.१ व्होल्टचे आतले माप असते. प्रोग्रॅममध्ये तेच निवडावे, म्हणजे चार्जर कमी-जास्त झाला तरी माप फारसे हलत नाही. मात्र हे माप प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकते, म्हणून ताळा घालणे आलेच. रेझिस्टर १५० किलोओहम आणि १० किलोओहमचे, एक टक्का फरकाचे घ्यावेत. त्यांनी व्होल्ट सोळापट लहान होतात. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ लहान फ्यूज घालायला विसरू नये.

तिसरे, ताळा. मीटरच्या सुया थेट बॅटरीच्या टोकांना लावाव्यात. त्याच वेळी बोर्डचे वीस आकडे घेऊन त्यांची सरासरी काढावी. समजा, मीटर १२.४८ म्हणते आणि बोर्ड १२.१०. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १.०३१ येते. प्रोग्रॅममध्ये दर आकड्याला याने गुणावे. मग भर उन्हात बॅटरी चार्ज होऊन १४ व्होल्टांच्या आसपास असताना पुन्हा जुळवून पाहावे. दोन्हीकडे जमले तर काम फत्ते. एका ठिकाणी जमून दुसऱ्या ठिकाणी चुकले, तर बहुधा उणे वायरचा जोड ढिला असतो.

चौथे, चार्जिंग चालू असताना आकडा फुगतो आणि पंखा चालू असताना दबतो. म्हणून चार्जिंग आणि भार दोन्ही बंद ठेवून, दोन-तीन तासांनी दिसेल तोच आकडा वरच्या हिशोबाला धरावा. हा हिशोब ॲसिडच्या बॅटरीचा आहे. लिथियमच्या बॅटरीचे व्होल्ट बराच काळ जवळपास तेवढेच राहतात, तिला हे आकडे लावू नयेत.

पुतण्याने डब्याच्या झाकणात आता तारीख आणि १.०३१ हा आकडा लिहून ठेवला आहे. दर खंडेनवमीला अवजारांबरोबर या डब्याचाही ताळा घ्यायचा, असे ठरले आहे. १२.२ च्या खाली आकडा आला, की वहिनी स्वतः पंखा बंद करतात.

आणि हो, त्या दुकानदाराकडे मी आणि वहिनी परत जाऊन आलो. चूक कबूल केली. त्याने चहा पाजला.