पोपट आणि अळंबी

धाराशिवच्या बाजारात कोणी पिंजऱ्यात रानपोपट घालून विकावयास बसला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा ठरतो. आणि ते योग्यच आहे. त्याच जिल्ह्यात कोणी माळावरचे वारूळ खणून आतील बुरशी नष्ट केली, तर त्याला कोणी हटकतही नाही. मनुष्याची दया बहुधा डोळ्यांच्या आणि कानांच्या वाटेने येत असावी.

न्यूझीलंडमधील काकापो हा जगातील सर्वांत वजनदार पोपट. त्याला उडता येत नाही. संकट आले की बिचारा जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. बाहेरून आलेल्या मांजरांपुढे व उंदरांपुढे त्याचा निभाव लागला नाही. १९९५ साली अवघे ५१ काकापो उरले. तेथील लोकांनी त्यांना निर्भय बेटांवर ठेवले, प्रत्येकाला नाव दिले, पाठीवर ठावठिकाणा सांगणारे यंत्र बांधले. आज त्यांची संख्या २०० च्या वर गेली आहे.

याउलट हिमालयातील कीडाजडी पाहावी. ही बुरशी जमिनीतील अळीच्या शरीरात वाढते आणि बर्फ वितळताच तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. औषध म्हणून तिला मोठे मोल मिळते. म्हणून बीजाणू विखुरण्यापूर्वीच ती खुडली जाते. २०२० साली संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत तिची नोंद झाली. पण तिला नाव कोण ठेवणार? या यादीसाठी पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती तपासून झाल्या आहेत. बुरशीच्या ज्ञात जाती दीड लाखाच्या वर असून २०२५ च्या मार्चपर्यंत तपासल्या गेल्या त्या केवळ १,३००. त्यांतील किमान ४११ धोक्यात आढळल्या!

माळावरच्या वारुळातही अशीच एक दुनिया नांदते. वाळवी पालापाचोळा व लाकूड आत नेऊन त्यावर बुरशीची शेती करते. बुरशी ते अन्न पचण्याजोगे करून देते. पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारी अळंबी हे त्या शेतीचे फळ. नागपंचमीला स्त्रिया वारूळ पूजितात ते नागासाठी. त्याच्या पोटातील ही शेती बहुतेकांना ठाऊक नसते. वारूळ सपाट करून त्यात औषध ओतले, की वाळवी व बुरशी दोन्ही जातात. वाळवीचा उपद्रव शेतकऱ्याला होतो, हे खरे. परंतु घराच्या वाशाला लागलेली वाळवी निराळी आणि गायरानातील वारूळ निराळे. काकापोसाठी बेटे राखावी लागली. या अळंबीसाठी गायरानातील ते वारूळ तेवढे राहू दिले, तरी पुरे.