गाडीचे डोळे आणि आपले डोळे

हिवाळ्यात पहाटे उठून तुम्ही कधी सावित्री नदीकडे पाहिले आहे काय? महाडपासून पोलादपूरपर्यंत सारे खोरे पांढऱ्या दुलईखाली झोपलेले असते. नदी दिसत नाही, रस्ताही जेमतेम दिसतो. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा गार व जड होऊन खोऱ्याच्या तळाशी साचते. त्या हवेतील वाफेचे अगदी बारीक थेंब बनतात. हेच धुके. एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. पन्नास मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, तर ते अतिदाट धुके होय.

अशाच एका पहाटे आम्ही महाडहून महाबळेश्वरला निघालो होतो. माझे मामू बरीच वर्षे कुवेतला नोकरी करून परतले आहेत. त्यांनी नुकतीच नवी मोटार घेतली होती. समोरच्या वाहनाच्या फार जवळ गेल्यास ती इशारा देते, वेळ पडल्यास आपोआप ब्रेकही लावते. रस्त्यावरची पांढरी रेषा ओलांडली तर ती चालकाला सावध करते. मामू कौतुकाने म्हणाले, "बेटा, आता गाडीच सगळं पाहते. आपण नुसतं बसायचं!"

पोलादपूर मागे पडले आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आम्ही दाट धुक्यात शिरलो. लगेच गाडीच्या पडद्यावर संदेश उमटला: कॅमेरा सध्या काम करू शकत नाही. मामूंनी गाडी कडेला घेतली आणि फडक्याने काच स्वच्छ पुसली. तरीही संदेश गेला नाही. दव पुसले गेले होते. पण धुके हवेत होते, ते कसे पुसले जाणार? मग मामूंनी दिवे खाली केले, खिडकी थोडी उघडली आणि हॉर्न वाजवत अगदी सावकाश गाडी हाकू लागले.

एका वळणावर रस्त्यात झाडाच्या तोडलेल्या फांद्या पडलेल्या दिसल्या. मामूंनी तत्काळ ब्रेक दाबला. धुक्यातून मोबाईलचा उजेड हलवीत एक मुलगा पुढे आला. तो म्हणाला, "चाचा, हळू घ्या! पुढं आमचा टेम्पो बंद पडलाय." वीस पावलांवर टेम्पो उभा होता. त्याचा मागचा एकही दिवा लागत नव्हता.

मुलांनो, त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करीत आहे. गाडीचे हे डोळे कसे पाहतात, ते आधी समजून घेऊ. कॅमेरा समोरच्या काचेच्या आत, आरशाजवळ बसवलेला असतो. तो आपल्या डोळ्यांप्रमाणेच प्रकाशावर अवलंबून असतो. धुक्याचे थेंब प्रकाश चोहीकडे विखुरतात. त्यामुळे आपल्याला दिसत नाही, तसेच कॅमेऱ्यालाही दिसत नाही. दवाने भिजलेली काच, समोरून येणारे सकाळचे तिरपे ऊन आणि रस्त्याची धूळ हेही त्याचे शत्रूच.

रडारचे काम निराळे आहे. ते रेडिओलहरी सोडते आणि त्या कशावर आदळून परत येतात ते पाहते. या लहरींची लांबी सुमारे चार मिलिमीटर असते. धुक्याचा थेंब त्याच्या कित्येक पट लहान असतो. म्हणून लहरी धुक्यातून पार जातात. पण रडारवर चिखलाचा किंवा ओल्या बर्फाचा थर बसला, तर तेही आंधळे होते. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात हेच घडते. तेथे बर्फाने सेन्सर झाकले जातात आणि रस्त्यावरच्या रेषाही गडप होतात. आपल्याकडे बर्फ नाही. पण धुके, दव, धूळ आणि पावसाळ्यातला चिखल आहेच.

आता कोणी म्हणेल, "मग ही यंत्रे घ्यायचीच कशाला?" असे म्हणणे बरोबर नाही. माणूस थकतो, त्याला डुलकी लागते, त्याचे लक्ष मोबाईलकडे जाते. यंत्राला झोप येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर गाडी चालवणाऱ्याला वेळेवर मिळालेला एक इशाराही जीवदान ठरू शकतो. माझा आक्षेप यंत्राला नाही. यंत्र आले म्हणून आपण डोळे मिटावेत, या वृत्तीला आहे. शिवाय यंत्राची अडचण अशी की, ज्या वेळी आपल्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी ते थकते.

एक साधे गणित करून पाहा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. धुक्यात तीस मीटरपर्यंतच दिसत असेल, तर चालकाच्या हाती दोन सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात संकट ओळखायचे, ब्रेक दाबायचा आणि गाडी थांबवायची! हे शक्य नाही. म्हणून धुक्यात वेग कमी करणे हाच खरा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नका. रस्त्यातली फांदी म्हणजे पुढे धोका, ही घाटाची भाषा आहे. ती आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवली नाही. यंत्र वाहन ओळखते, माणूस ओळखते, रेषा ओळखते. फांदीमागचा अर्थ मात्र माणूसच जाणतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहने पाण्यात गेली. पूल गेल्याचे कळताच जवळच्या माणसांनी रस्त्यावर येऊन मागची वाहने थांबवली. समोर रस्ताच उरलेला नाही, हे त्या काळोखात माणसांनी माणसांना सांगितले.

म्हणून मला वाटते, तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. गाडी विकणाऱ्याने तिचे गुण सांगताना तिच्या मर्यादाही ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगाव्यात. घाटातील पांढऱ्या रेषा आणि चमकणाऱ्या पट्ट्या दरवर्षी पावसाळा संपताच नव्याने लावाव्यात. त्या यंत्रालाही दिसतात आणि माणसालाही. तिसरी गोष्ट आपल्या हाती आहे. मागचे दिवे बंद असलेले वाहन रस्त्यावर आणू नये आणि धुक्यात घाई करू नये.

तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या गाडी चालवतील. आज तुमचे अब्बा, चाचा किंवा मामू चालवत असतील. पुढच्या वेळी पहाटे निघताना एक फडके घ्या आणि गाडीची काच, दिवे व बंपर पुसून द्या. आणि त्यांना प्रेमाने सांगा, "गाडीला डोळे आहेत, ठीक आहे, पण तुम्ही आपले डोळे उघडे ठेवा. आम्हांला घरी पोहोचण्याची घाई नाही."